तळटीप : अनिश्चित बक्षिसाची ओढ
१२. लेखकाने इथे जुगाऱ्याला ‘दुबळ्या मनाचा’ म्हटले आहे. ते मला पटत नाही. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली ग्रंथरूपाने मांडलेले कबुतरांवरचे प्रयोग पाहावेत. चकतीवर ठरावीक ५० वेळा चोच मारल्यावर दाणे मिळत असतील, तर कबुतर ते खाऊन जरा थांबते. तेच दाणे कधी पाचव्या, कधी नव्वदाव्या वेळी मिळू लागले, की ते जवळजवळ न थांबता चोच मारत राहते. दाणे बंद झाले तरी चोच मारणे लवकर सोडत नाही. मटक्याचा आकडा लावणारा नेमका या दुसऱ्या प्रकारात अडकलेला असतो. हट्टी मुलाला नऊ वेळा ‘नाही’ म्हणून दहाव्यांदा चॉकलेट देणारे आईबापही नकळत हट्टच पक्का करतात. — संपा.