पपनसाच्या सरबताचा खटला

दिल्लीत इंडिया गेटकडून कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग असे दोन रस्ते फुटतात. त्यांच्या बेचक्यात बडोदा हाउस उभे आहे. सर एडविन ल्युटेन्स यांनी ही इमारत महाराजा सयाजीराव गायकवाडांसाठी आखली. १९२१ साली सुरू झालेले तिचे काम १९३६ साली पुरे झाले, आणि आता तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. कोपर्निकस मार्गाचे इंग्रजी अमदानीतले नाव होते लिटन रोड. या वाड्याच्या धन्याकडे बडोद्याची गादी आली ती मात्र वडिलांच्या पश्चात नव्हे. आधीचे महाराज मल्हारराव यांच्यावर इंग्रज रेसिडेंटाला विष घातल्याचा आरोप आला, खटला उभा राहिला, ते पदच्युत झाले आणि मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा १२ वर्षांचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला. विष, हिऱ्याची पूड, फितूर झालेले नोकर, वादग्रस्त लग्न, नवजात वारस, विलायतेहून आलेला नामांकित वकील असा सगळा ऐवज त्यात असल्याने हे प्रकरण आजवर रहस्यकथेसारखेच सांगितले गेले. माझे म्हणणे असे, की त्या साच्यात बसवले की यातली खरी गोष्ट हातची निसटते. रहस्यकथेत गुन्हेगार सापडतो आणि मग शिक्षा होते. बडोद्यात शिक्षा झाली, गुन्हेगार मात्र ठरलाच नाही.

घटनांचा वेग खरोखरच कादंबरीला शोभेल असा आहे. खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७०मध्ये वारले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर आले. भावाच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून खंडेरावांनीच त्यांना पादऱ्याला कैदेत ठेवले होते. १८७३ साली कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून आले आणि दोघांचे पहिल्यापासून फाटले. त्याच वर्षी कर्नल मीड यांच्या आयोगाने राज्यकारभाराची चौकशी केली, आणि कारभार सुधारण्यासाठी मल्हाररावांना १८७५अखेरपर्यंतची मुदत मिळाली. दिवाणपदी दादाभाई नौरोजी आले. त्यांचेही फेअर यांच्याशी जमले नाही. मे १८७४मध्ये मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले. तिचे लग्न आधीच झालेले आहे, अशी तक्रार असल्याने रेसिडेंट त्या समारंभाला गेले नाहीत. ऑक्टोबरात लक्ष्मीबाईंना मुलगा झाला. गादीला वारस मिळाला खरा, पण लग्नच कायदेशीर नसेल तर तो वारस कसला? या लग्नाला राजकीय वजन होते ते एवढ्याचसाठी.

२ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता पाठवून फेअर यांची बदली मागितली. ९ नोव्हेंबरला सकाळी फेरफटका मारून आलेल्या फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले, अंगात मळमळ झाली म्हणून उरलेले फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ पाहिला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना त्या गाळात सोमल आणि चकाकणारे कण आढळले. मुंबईचे सरकारी रसायनतज्ज्ञ डॉ. ग्रे यांनीही सोमलाला दुजोरा दिला. कण हिऱ्याचे आहेत असे ठरले. हिरकणी गिळली की माणूस मरतो, हा समज आपल्याकडे जुना. प्रत्यक्षात हिऱ्याची पूड हे विषच नव्हे. त्यामुळे ती पूड रसायनशास्त्राहून लोकसमजुतीलाच अधिक पटणारा पुरावा ठरली. फेअर बरे झाले. २५ नोव्हेंबरला व्हाइसरॉयांनी त्यांना हलवून त्यांच्या जागी सर लुइस पेली यांना नेमले. खलित्याची मागणी, विषाचे काहीही होवो, पुरी झाली होती.

तपास मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे गेला आणि इथून पुढे पुराव्याचा पोत बदलला. मुख्य साक्षीदार तिघे: रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, जमादार नरसू आणि महाराजांचे खासगी चिटणीस दामोदर त्रिंबक. तिघांनी गुन्ह्यात आपला हात असल्याचे कबूल केले होते. सोमलाची एक पुडी रावजीच्या कमरेच्या पट्ट्यात सापडली. तीही तो अटकेत असताना, पोलिसांनी झडती घेतल्यावर. नरसूने मध्येच विहिरीत उडी घेतली. मल्हाररावांना जानेवारी १८७५मध्ये अटक झाली आणि २३ फेब्रुवारीला बडोद्यात खटल्यासाठी नेमलेल्या आयोगाचे काम सुरू झाले. त्यांच्या बाजूने विलायतेहून आलेले वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमके या जोडांवर बोट ठेवले. साक्षीदार स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलत आहेत. त्यांच्या जबानीला बाहेरचा आधार फार थोडा. आणि ज्याची बदली नुकतीच मागितली त्याला आठवड्यात विष घालणे हा वेडेपणा ठरेल. या शेवटच्या मुद्द्याला उत्तर नाही असे नाही. लग्न आणि वारस यांवरून मल्हारराव चिडलेले होते आणि चिडलेला माणूस हिशेब करत नाही. पण चीड हा हेतू झाला, पुरावा नव्हे.

आयोगात सहा सभासद होते. अध्यक्ष कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, त्यांच्याबरोबर मीड आणि मेलविल हे दोन इंग्रज. आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह व सर दिनकरराव राजवाडे हे तीन भारतीय. तिन्ही इंग्रजांनी आरोप शाबीत धरला, तिन्ही भारतीयांनी धरला नाही. यावर तेव्हाही आणि नंतरही आक्षेप निघाला, की संस्थानिकांनी आपल्या जातभाईला वाचवले. हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. जयाजीराव १८५७ साली आपल्याच फौजेविरुद्ध इंग्रजांकडे उभे राहिलेले. दिनकरराव त्यांचे त्या काळातले दिवाण, राजे नव्हेत, आणि सरकारच्या मर्जीतले. इंग्रजांना नको असलेला निर्णय देण्यात त्यांचा फायदा कोणता? उलट मीड यांनी वर्षभरापूर्वी याच महाराजांच्या कारभाराची चौकशी करून प्रतिकूल अहवाल दिला होता. निःपक्षपातीपणाचा प्रश्न विचारायचाच, तर तो त्यांच्याबद्दल आधी विचारायला हवा.

सभासद समसमान विभागल्यावर सरकारने जे केले ते या प्रकरणाचे मर्म आहे. हा आयोग न्यायालय नव्हता. तो फक्त सल्ला देणार होता, निर्णय व्हाइसरॉयांचा. एप्रिल १८७५च्या जाहीरनाम्यात मल्हाररावांना पदच्युत केले ते विषप्रयोगाच्या कारणावरून नव्हे, तर गैरवर्तन आणि कुराज्य या कारणांवरून. ज्या कुराज्याच्या सुधारणेसाठी डिसेंबर १८७५पर्यंत मुदत दिली होती, त्याच कुराज्यासाठी आठ महिने आधी गादी काढून घेतली. खटला एका आरोपावर चालला आणि निकाल दुसऱ्यावर लागला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांवर वाढलेला वाचक शेवटच्या पानावर मुखवटा उतरण्याची वाट पाहतो. इथे शेवटच्या पानावर पुस्तकच बदलले आहे.

मोठा आक्षेप याहून वेगळा आहे. मल्हारराव वाईट राजे होते, हे खोटे नाही. रयत कराखाली दबलेली असताना त्यांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. खंडेरावांच्या विश्वासातले भाऊ शिंदे १८७२ साली त्यांच्या तुरुंगात मेले आणि त्या मृत्यूवरचा संशय कधी फिटला नाही. आणि त्यांच्या जागी आलेल्या सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ साली ते सबंध राज्यात नेले, भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. मग रडायचे कशाला? उत्तर असे, की परिणाम चांगला निघाला म्हणून पद्धत न्याय्य ठरत नाही. कुराज्याचे कारण पुरेसे होते तर खटल्याची गरज नव्हती. आणि खटला भरला तर त्याचा निकाल मानायला हवा होता. या प्रसंगाने घालून दिलेला धडा, की गादी सरकारच्या मर्जीवर आहे, सयाजीरावांनाही पुरला. १९११च्या दिल्ली दरबारात बादशहासमोर त्यांनी नुसती मान लववून पाठ फिरवली, तेव्हा केवढा गहजब झाला आणि त्यांना खुलासा करावा लागला, हे प्रसिद्ध आहे. पुढे त्याच दिल्लीत त्यांनी बांधलेला वाडाही साम्राज्याच्या राजधानीतली हजेरीच होती.

लोकांनी मात्र प्रकरण त्याच वर्षी आपल्या हातात घेतले. १८७५ सालीच नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर मराठी नाटक लिहिले आणि कलकत्त्यात अमृतलाल बसूंनी ‘हीरकचूर्ण’ रचले. नावातच ती हिऱ्याची पूड. खटल्याचे रोजचे वृत्त वर्तमानपत्रांतून वाचलेल्या प्रेक्षकांना विष कोणी घातले याहून राजाचा न्याय करणारे हे कोण, हा प्रश्न अधिक बोचत होता. १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. त्याचे तात्कालिक निमित्त कलकत्त्यातला एक वेगळाच फार्स होता, त्यामुळे बडोदा प्रकरणातून कायदा जन्मला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण राजकीय घटना रंगभूमीवर येते आणि लोक ती पाहायला जमतात, ही सरकारची धास्ती याच दोन वर्षांत पक्की झाली. कायदा मंजूर झाला तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. पूर्वी त्यांचे नाव असलेल्या कोपर्निकस मार्गावर आज कमानी सभागृह आहे, जवळच रवींद्र भवनात संगीत नाटक अकादमी आहे, आणि तो कायदा संसदेने १४०हून अधिक वर्षांनंतर रद्द केला.

तेव्हा हे प्रकरण वाचताना रावजीच्या पट्ट्यातल्या पुडीवर नजर खिळवू नये. ती पुडी खरी असो वा पोलिसांनी ठेवलेली, तिच्यावरून काहीच ठरले नाही. जे ठरले ते जाहीरनाम्यात आहे आणि त्यात विषाला आधार केलेले नाही. मल्हारराव मद्रासला नजरकैदेत राहिले आणि १८८२ साली तिथेच वारले. फेअर यांना विष घातल्याचा आरोप त्यांच्यावर कधीही शाबीत झाला नव्हता.