भाता हलतो म्हणून, की हवा बदलते म्हणून?

नाक, घसा, श्वासनलिका, तिच्या दोन शाखा आणि शेवटी फुप्फुसांतील वायुकोश – हवेचा हा मार्ग मुले पाठ करतात. बरणी आणि फुग्यांची प्रतिकृती दाखवली, की हवा आत कशी शिरते हेही त्यांना समजते. पण ही ये-जा हवी कशासाठी?

सतराव्या शतकात हा प्रश्न सुटलेला नव्हता. हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण दाखवून दिले होते. फुप्फुसे भात्यासारखी हलतात म्हणूनच रक्त पुढे सरकते, असे काही नामांकित वैद्य मानत.

१६६४ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने एका कुत्र्याची छाती उघडली आणि श्वासनलिकेत भात्याने हवा भरत त्याला तासाहून अधिक वेळ जगवले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. प्राण्याचे हाल पाहून, असा प्रयोग आपल्याकडून पुन्हा होणे कठीण, असे हूकने बॉइलला कळवले. शिवाय प्रश्न उरलाच होता. भाता चालतो तेव्हा फुप्फुसे हलतात आणि हवाही बदलते. मग जीव वाचला कशामुळे?

अखेर ऑक्टोबर १६६७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हूकने प्रयोग पुन्हा केला. या वेळी फुप्फुसांना बारीक छिद्रे पाडली आणि दोन भाते जोडून हवेचा अखंड झोत सोडला. आत आलेली हवा छिद्रांतून बाहेर पडत राहिली. फुप्फुसे फुगलेली, पण निश्चल होती. तरी हृदय नियमित चालू राहिले! झोत थांबवताच कुत्र्याला झटके आले. हवा पुन्हा मिळताच तो सावरला. गरज होती ती ताज्या हवेची. हालचाल हे केवळ ती आणण्याचे साधन.

ही हवा रक्ताला भेटते कुठे? इटलीत मालपिघीने १६६१ मध्येच बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या होत्या. हूकचा सहकारी रिचर्ड लोअर याने १६६९ मध्ये दाखवले, की फुप्फुसांत गेलेले काळपट रक्त हवेमुळेच लालभडक होते. त्या हवेतील ऑक्सिजनची भूमिका कळायला मात्र लाव्हॉझिएपर्यंत, म्हणजे आणखी शतकभर थांबावे लागले.

बरणीच्या प्रतिकृतीत रक्त नसते. म्हणून ती अर्धेच उत्तर देते. उरलेल्या अर्ध्यासाठी मुलांना छाती भरून श्वास घेऊन क्षणभर रोखायला सांगा. फुप्फुसे हवेने भरलेली असूनही जीव कासावीस का होतो, हे त्यांनाच विचारा. हवा आहे, पण ती बदलत नाही. ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. हूकचा प्रश्न असा, कुणालाही इजा न करता, वर्गात विचारता येतो.