उंबऱ्याबाहेरची सायकल

घराच्या विम्याच्या दस्तऐवजात आग, घरफोडी, जडजवाहीर अशा भारदस्त प्रकरणांच्या शेजारी सायकलीसाठीही एक स्वतंत्र कलम असे, आणि वाटेत तिला अपघात झाला तर त्या कलमान्वये भरपाईचा अर्ज करता येत असे, ही गोष्ट ज्यांनी तो दस्तऐवज कपाटातून कधी बाहेर काढलाच नाही अशा कित्येक गृहस्थांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हती. मला त्या कलमाचे अगत्य वाटते ते एवढ्याचसाठी की, ज्या विद्येचा उगम सागरावरील तारवांच्या चिंतेत झाला, ती शेकडो वर्षांचा प्रवास करून अखेरीस जिन्याखाली टेकवून ठेवलेल्या एका सायकलीपाशी येऊन पोहोचली.

जोखीम पैशांत मोजून दुसऱ्याच्या शिरावर सोपविण्याची कल्पना इंग्रजांनीच आपल्याकडे आणली, हा समज यथार्थ नाही. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारशीच्या वाटेने आला. आणि पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात जी ‘जोखमी हुंडी’ चालत असे, तिच्यात कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार एकाच कागदावर नांदत होते. माल पाठविणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती सावकाराला विकून रोकड हाती घेई. परंतु गलबत सुखरूप बंदराला लागले तरच ती हुंडी वटे, आणि माल समुद्रात बुडाला तर सावकाराची रक्कमही त्याच्याबरोबर बुडे. म्हणूनच अशी हुंडी विकत घेताना सावकार जी सूट घेई, तिच्यात व्याजाबरोबर जोखमीचे मोलही मिसळलेले असे. कराराचा सारा भार ‘माल पोहोचला तर’ या अटीवर होता, आणि ती अट दोन्ही पक्षांना पुरेशी स्पष्ट होती.

घराचा विमा मात्र निराळ्या भयातून जन्मला. 1666 च्या सप्टेंबरात लंडन शहर जळाले आणि त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांत निकोलस बार्बनने इमारतींचा आगविमा सुरू केला. पुढे 1710 मध्ये सन फायर ऑफिस निघाले. विमा उतरविलेल्या घरांच्या दर्शनी भिंतींवर कंपन्यांचे शिशाचे पत्रे दिसू लागले. आणि भिंतींबरोबर आतील चीजवस्तूही हळूहळू या छत्राखाली आल्या. तथापि भय आगीचेच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉइड्स या लंडनच्या विमाबाजारातील कथबर्ट हीथ याने आगीच्या विम्याला घरफोडीची जोड देण्याचे धैर्य दाखविले, तेव्हा कोठे घरातील वस्तू आगीवाचूनही नाहीशी होऊ शकते, हे विमा उतरवून घेणाऱ्या संस्थांच्या हिशेबात आले. योगायोग असा की, त्याच दशकात, 1885 मध्ये, जॉन केम्प स्टार्लीची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणि 1888 मध्ये डनलॉपची हवा भरलेली धाव अवतरली.

आपल्याकडे सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा 1972 चा कायदा होऊन 1 जानेवारी 1973 पासून 107 विमासंस्थांचा कारभार नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांकडे गेला, आणि गृहस्थांसाठीच्या त्यांच्या एकत्रित पॉलिसीत सायकलीचे कलम रुजू झाले. त्याची भाषा मी पुनःपुन्हा वाचली आहे. आग, दंगा, चोरी यांच्याबरोबर बाह्य कारणाने झालेला अपघाती नाशही त्यात मान्य असे. परंतु झीज अमान्य, यंत्रातील बिघाड अमान्य, शर्यतीत किंवा भाड्याने दिलेली असताना झालेले नुकसान अमान्य. केवळ धाव फाटली तर भरपाई नाही, तिच्याबरोबर सायकलही मोडली असली पाहिजे. केवळ जोडसामान चोरीस गेले तर भरपाई नाही, त्याच्याबरोबर सायकलही गेली असली पाहिजे. झिजणे हा वस्तूचा धर्म आणि अपघात हा तिच्यावरील आघात, हा भेद इतक्या बारकाईने रेखाटणारा मजकूर मी अन्यत्र पाहिलेला नाही. भिंतींच्या आत स्थिर असलेल्या वस्तूंसाठी रचलेला करार या एका कलमात चाकांबरोबर उंबरा ओलांडून रस्त्यावर जाई.

पुण्यातील आमच्या घरी या कलमाचा उपयोग एकदाच झाला. पावसाळ्यात उतारावर एका टांग्याला चुकविताना वडिलांची सायकल पुलाच्या कठड्यावर आदळली. चिमटा मागे वळला, पुढचे रिम आठाच्या आकड्यासारखे झाले, धाव फाटली, आणि लोकांनी वडिलांना उचलून दवाखान्यात नेले तेवढ्यात कोणी तरी डायनामो काढून नेला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने चाक हातात धरून फिरविले, “याचा आउट निघायचा नाही, मास्तर,” असे म्हटले, आणि दुरुस्तीचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहून दिला. विम्याच्या कचेरीतून आलेले निरीक्षक उकिडवे बसून कितीतरी वेळ तो चिमटा न्याहाळीत होते. वाकलेल्या जागी रंगाचे ताजे पोपडे उडालेले आहेत, आत जुना गंज नाही, एवढ्यावरून हा आघातच, झीज नव्हे, अशी त्यांची खात्री पटली. चिमटा मंजूर झाला, रिम मंजूर झाले, त्याच आघातात फाटली म्हणून धावही मंजूर झाली. डायनामो मात्र, सायकल जागीच राहून तो एकटा गेला म्हणून, नामंजूर झाला, आणि सर्व रकमेतून वापराच्या वर्षांचा घसारा वजा झाला.

डायनामोचे वडिलांना फार वाईट वाटले. ज्या दहा मिनिटांत धनी शुद्धीवर नव्हता त्या दहा मिनिटांची चोरीही अपघाताचाच भाग का मानू नये, असे त्यांनी कचेरीला सविस्तर पत्र लिहून विचारले. मला आजही त्यांचे म्हणणे न्याय्य वाटते, जरी कलमाच्या शब्दांत त्याला जागा नव्हती. उत्तरात कलमाचा क्रमांक तेवढा आला, आणि खाली एक सूचना होती: भरपाई घेतल्यावर मोडलेले भाग कंपनीच्या मालकीचे होत असल्याने ते जमा करावेत. तेव्हा एका सकाळी वडिलांनी तो वाकलेला चिमटा वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याच सायकलीच्या कॅरिअरला सुतळीने बांधला, आणि नव्या चिमट्यावर बेताने भार टाकीत ते कचेरीकडे निघाले.