स्विस चार्ड केव्हा पेरावे? मृगसाल, रबी आणि खडकीची नहर

१/ छत्रपती संभाजीनगरात परसात किंवा गच्चीवर स्विस चार्ड केव्हा पेरावे? उत्तर एका ओळीचे आहे: ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. परंतु या एका ओळीमागे नक्षत्रे, महसुलाची दफ्तरे आणि मलिक अंबराची नहर उभी आहे. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ प्रथम वनस्पतीची ओळख. चार्ड हे बीटचेच भावंड. शास्त्रीय नाव बीटा व्हल्गॅरिस. दोहोंचा पूर्वज भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील रानबीट. माणसाने एका शाखेत कंद जोपासला, दुसरीत पान आणि देठ. आपल्या मंडईत ‘पालक’ म्हणून मिळणारी जुडी पुष्कळदा याच जातीची असते. इराणातून जगभर गेलेला पालक, म्हणजे स्पिनॅशिया, ही निराळी वनस्पती. म्हणून ज्याला पालकाचा हंगाम ठाऊक, त्याला चार्डचा हंगाम परका नाही.

३/ आता हंगामाची भाषा पाहू. निजामशाही आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘शुहूर सन’ आढळतो. त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा होई, म्हणून त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणत. ही गणना १४ व्या शतकात, तुघलकांच्या राजवटीत सुरू झाली असे मानले जाते. महिन्यांची नावे अरबी, वर्षाचा पहिला दिवस मात्र पेरणीचा!

४/ खरीप आणि रबी हे शब्दही अरबी. खरीप म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. पण खरीप आपण पावसाच्या तोंडी पेरतो आणि रबी पावसाळ्याच्या अखेरीस. मग ही नावे कशी? ती कापणीच्या ऋतूवरून पडली आहेत, कारण सारा पीक हाती आल्यावर वसूल होतो. शेतकरी नक्षत्रावरून पेरणी ओळखत असे आणि सरकार ऋतूवरून वसुली. एकाच शेताची ही दोन घड्याळे.

५/ आपल्या प्रश्नाला यांतले पेरणीचे घड्याळ उपयोगी. आजच्या पंचांगात हस्त नक्षत्र सुमारे २७ सप्टेंबरला लागते आणि त्यानंतर चित्रा सुमारे १० ऑक्टोबरला. ‘हत्तीचा पाऊस’ ओसरला की वाफा तयार करावा. एक सावधगिरी मात्र हवी: सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. मलिक अंबराच्या काळी हस्त आजच्यापेक्षा सुमारे सहा दिवस आधी लागत असे. म्हणून पंचांगासोबत मातीकडेही पाहावे; ती हातात भुसभुशीत मोडली पाहिजे.

६/ येथे इतिहासाचा खरा प्रश्न उभा राहतो. हस्तानंतर पाऊस संपतो, तर भाजीला पाणी पुढेच लागते. ज्वारी आणि हरभरा काळ्या जमिनीतील ओलाव्यावर तगतात. पालेभाजीला तो पुरत नाही. तिथी पंचांग सांगेल, पण हिवाळ्यात मळा फुलेल की नाही हे पाणीच ठरवते.

७/ मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसवले. त्यापुढील दशकात ‘नहर-ए-अंबरी’ उभी राहिली. डोंगरपायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत मार्गांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणले गेले. त्यास ना मोट लागे, ना बैल. पुढे मोगलांच्या काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीपर्यंत मातीच्या नळांतून आलेले पाणी त्याच परंपरेचे. पावसाळ्यानंतरही वाहते पाणी मिळाल्यावरच या शहराला ‘बागांचे नगर’ होणे शक्य झाले.

८/ आता कृती. चार्डचे एक ‘बी’ म्हणजे अनेक बियांचा झुबका, म्हणून रोपे एकत्र उगवतात, विरळणी अटळ. बी रात्रभर भिजवून सुमारे दोन सेंटिमीटर खोल टोकावे आणि विरळणीनंतर दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. सुमारे दोन महिन्यांत बाहेरची पाने खुडता येतात. गाभा राखल्यास नवी पाने येत राहतात.

९/ जूनमध्ये पेरल्यास सततच्या ओलीने कोवळी रोपे कुजतात. फेब्रुवारीत पेरल्यास रोप सावरेपर्यंत ऊन तापते, पाने राठ होतात. हिवाळ्याची थंडी सोसलेले झाड दिवस मोठे होताच फुलोऱ्याचा दांडा काढू लागते. तेव्हा पाने कडवटतात. तीच त्याला निरोप देण्याची वेळ.

१०/ आज या शहराचे पाणी सुमारे ५० किलोमीटरवरील जायकवाडीहून वर उपसून आणावे लागते आणि ते अनेक भागांत काही दिवसांआड येते. जुन्या नहरींचे मार्ग मात्र जागोजागी बुजले आहेत. म्हणून कुंडीत चार्ड पेरणाऱ्याने भाजी धुतलेले पाणी जपून ठेवावे आणि एखाद्या रविवारी नहरीचे उरलेले अवशेषही पाहून यावेत. मलिक अंबराच्या सनावळ्या पाठ करणारे पुष्कळ भेटतात. त्याने वाहते केलेले पाणी कुठून जात होते, हे सांगू शकणारे आता थोडेच उरले आहेत.