पॉइंट, पॉलिश पेपर आणि पद्मिनी

नाहूरला आमच्या बिल्डिंगखाली बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कारखाना कुर्ल्याचा, गाडी मूळची इटलीची फियाट ११००. बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागायचं. रविवारी बाबा डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फट व्हिजिटिंग कार्डाने मोजायचे. फट चुकली की ठिणगीची वेळ चुकते, इंजिन मिसिंग करतं. मे महिन्यात घाटात गाडी बंद पडली तर फ्यूएल पंपावर ओलं फडकं. पेट्रोलची वाफ झालेली असते, ती पंपाला ओढता येत नाही.

हा काही छंद नव्हता. परवानाराजात गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, मिळालेली टिकवणं भागच होतं. १९८३मध्ये मारुती ८०० आली, पुढे ईसीयू आला, पॉइंट गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी टॅक्सीही गेली.

परवा माझ्या गाडीचा इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर म्हणाला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर. दिवसभर कोडमधले बग शोधणारा मी थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावत होतो.

"थांब," बाबा म्हणाले. "पहिल्याची कॉइल दुसऱ्याला लाव. दोष तिकडे गेला तर कॉइलच."

कॉइल बदलली, कोड पुसला, गाडी मुलुंडपर्यंत फिरवून आणली. पी०३०२.