संकलकाचा पगार आणि मुंबईची खोली

चित्रपटगृहांत दिवे मालवल्यावर पडद्यावर जीं नांवें येतात, त्यांतील संकलकाचें नांव वाचण्याइतकी सवड बहुतेक प्रेक्षकांस नसते. नटनटी ओळखीचीं असतात, संगीतकार आवडीचा असतो, दिग्दर्शकाविषयीं वृत्तपत्रांत कांहींतरी वाचलेलें असतें. पण हजारों फूट फिल्मींतून नेमका तुकडा निवडून तो नेमक्या जागीं जोडणारा हा मनुष्य कोण, याची चौकशी कोणी करीत नाहीं. मग त्याचा चरितार्थ कसा चालतो, ही चौकशी दूरच राहिली. आम्हांस ती करावीशी वाटली याचें कारण असें कीं, या एका धंद्याच्या वेतनाचा माग काढीत गेलें म्हणजे मुंबईंतील मध्यम स्थितीच्या माणसाच्या संसाराचा शंभर वर्षांचा इतिहासच हातीं लागतो.

वेतनाचा विचार नुसत्या आंकड्यांनीं करण्याची आपल्याकडे संवय आहे. अमक्यास महिना शंभर मिळत, तमक्यास पांचशें, एवढें सांगितलें कीं झालें! परंतु शंभर रुपये म्हणजे किती, हें ते कोणत्या गांवांत मिळत, दर पहिल्या तारखेस मिळत कीं मालकाच्या मर्जीस येईल तेव्हां, आणि त्यांतले घरभाड्यास किती जात, यावर अवलंबून असतें. संकलकाच्या बाबतींत तर या गोष्टी मूळ आंकड्याहूनहि महत्त्वाच्या ठरल्या, असें आमचें मत आहे.

आरंभ पाहूं गेल्यास वेतन असें नव्हतेंच. दादासाहेब फाळके १९१२ मध्यें विलायतेस जाऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, पत्नीचे दागिनेहि त्याच वाटेनें गेले होते. कोऱ्या फिल्मीस भोकें पाडणें, ती धुणें, तुकडे जोडणें या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात असे. शिवाय सगळ्या मंडळीचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. त्याच चित्रपटांत तारामती झालेले अण्णा साळुंके हे मूळचे उपाहारगृहांतील आचारी. तेथें त्यांस महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनीं १५ देऊं केले. तारामतीचा भाव असा ठरला. फिल्म जोडणारी मात्र घरची गृहिणी, त्यामुळें तिच्या श्रमाचा आंकडा कोणत्याच वहींत चढला नाहीं.

मूकपटांच्या काळीं बहुधा दिग्दर्शक किंवा छायालेखक स्वतःच कात्री चालवी. १९३१ मध्यें ‘आलम आरा’ आला आणि हें काम एकदम अवघड झालें. सेकंदास चोवीस चौकटी सरकतात. ओठ हलले त्याच चौकटीवर शब्द पडला नाहीं तर गंभीर प्रसंगीं प्रेक्षक हंसावयाचे. कात्रीस स्वतंत्र कारागीर हवा झाला, आणि तो कारागीर कंपनीचा पगारी नोकर म्हणून राहिला. १९२९ मध्यें कोल्हापुरांत निघालेली व १९३३ मध्यें पुण्यास आलेली प्रभात कंपनी हें याचें उत्तम उदाहरण. नट, रंगारी, सुतार, संकलक सारे तेथें महिनेवारी पगारावर असत. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा मुंबईंत एकाच चित्रगृहांत सत्तावन्न आठवडे चालला. त्याचें संकलन ए. आर. शेख यांचें. चित्रपट सत्तावन्न आठवडे चालो कीं दोन, संकलकाचा पगार तोच, हें खरें. पण पहिली तारीखहि तीच! दुकानदार उधारी देई ती या तारखेच्या भरंवशावर.

मुंबईकडे पाहिलें तर दादरला रणजित होती, १९३४ पासून मालाडला बॉम्बे टॉकीज होती, आणि पगाराची पद्धतहि तीच होती. फरक होता तो खोलीचा. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२१-२२ मध्यें कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हां कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारें ५२ रुपये निघाली आणि शेंकडा ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहत असल्याचें आढळलें. गिरणीकामगार आणि स्टुडिओंतील कारागीर यांची पायरी एक नव्हे; पण मुंबईंत चाळ पुष्कळदां एकच असे. पुण्याच्या पेठेंत ज्या भाड्यांत ओटी, माजघर आणि परसूं मिळे, त्या भाड्यांत मुंबईस गॅलरींतला नळ चार बिऱ्हाडांत वांटून घ्यावा लागे.

ही घडी दुसऱ्या महायुद्धानें मोडली. मुंबईंतील राहणीचा खर्च युद्धकाळांत दुपटीवर गेला. त्याच वेळीं काळ्या बाजारांतला पैसा चित्रपटांत शिरला, आणि ज्यांच्यापाशीं ना स्टुडिओ ना नोकरवर्ग असे निर्माते भाड्याच्या जागेंत चित्रपट काढूं लागले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनें १९५१ च्या अहवालांत या स्थित्यंतराची कठोर नोंद केली आहे. १९५३ च्या सुमारास प्रभातचेंहि दार बंद झालें. आतां संकलकाशीं ठराव होऊं लागला तो महिन्याचा नव्हे, चित्रपटाचा. ठरावाचा आंकडा ऐकावयास मोठा वाटे. पण चित्रपट सहा महिन्यांत पुरा होतो कीं तीन वर्षांत, हें कोणाच्या हातीं नसे. त्यांतहि संकलकाची अडचण विशेष आहे. नटाचें काम आधीं, नेपथ्यकाराचें त्याहून आधीं. संकलकाचें काम जोर धरतें तें चित्रण संपल्यावर, म्हणजे निर्मात्याची थैली रिती झाल्यावर. शेवटच्या हप्त्यासाठीं खेटे घालण्याचें त्याच्या नशिबीं आलें, तें त्याच्या कामाच्या स्वरूपामुळेंच. कामगारांचा महासंघ १९५६ मध्यें झाला. लेखी करार आवश्यक ठरविणारा चित्रपट-कामगारांचा कायदा तर १९८१ मध्यें, आणि त्याचेंहि संरक्षण मूळांत महिना १,६०० रुपये किंवा ठोक १५,००० रुपये या मर्यादेच्या आंतील माणसापुरतें होतें.

मग मधल्या काळांत हा वर्ग तगला कसा? आमच्या समजुतीप्रमाणें त्याचें उत्तर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यांत आहे. या कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलें. लालबाग, परळ, गिरगांव येथें ज्याची वडिलोपार्जित खोली होती, त्यास हप्ता सहा महिने उशिरां आला तरी बिऱ्हाड मोडावें लागत नसे. कामहि जवळच: दादरचे स्टुडिओ, परळला १९४२ पासून राजकमल, महालक्ष्मीस फेमस. रात्रीं दोन वाजतां संकलनकक्षांतून निघून पायीं घर गांठतां येई. हिंदी बोलपटांच्या संकलनाचा कांहीं खर्च अशा रीतीनें परळ-गिरगांवच्या घरमालकांनीं, अर्थात् नाखुषीनें, सोसला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. त्यांनींहि उट्टें काढलेंच: भाडें येईना म्हणून दुरुस्ती होईना, आणि इमारती एकामागून एक खचूं लागल्या.

माधवराव शिंदे यांचें उदाहरण येथें टाळतां येत नाहीं. ‘शोले’ (१९७५) साठीं सुमारें तीन लाख फूट फिल्म खर्च झाली असें सांगतात. मिनिटास नव्वद फूट या मानानें ती सलग पाहावयास पंचावन्न तासांहून अधिक लागतील! त्यांतून शिंद्यांनीं जवळजवळ साडेतीन तासांचा चित्रपट काढला. त्या वर्षीं फिल्मफेअरचें एकच पारितोषिक ‘शोले’च्या वांट्यास आलें, आणि तें संकलनाचें. मुंबईच्या मिनर्व्हांत तो पांच वर्षें चालला. शिंदे २०१२ मध्यें वारले. अखेरच्या दिवसांत ते धारावींतील एका लहानशा खोलींत राहत होते. यांत कोणा एका निर्मात्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ठरलेलें काम केलें, ठरलेलें द्रव्य मिळालें, हिशेब चुकता झाला, असाच हा व्यवहार असतो. पांच वर्षांच्या गल्ल्यांत वांटा मागण्याची सोय त्यांत नव्हती, आणि निवृत्तिवेतनाची तर नाहींच.

पुढें यंत्रें बदललीं. १९९० नंतर कात्री व चिकटपट्टी जाऊन संगणक आला, हातांतील कामाचा वेग वाढला आणि फिल्म लावून ठेवणाऱ्या साहाय्यकांची गरज घटली. चित्रपटांचा व्यापहि दादर-परळ सोडून उपनगरांत गेला. गोरेगांवची चित्रनगरी १९७७ ची. या नव्या मुलखांत संकलकाच्या वडिलांची खोली नाहीं. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर अकरा महिन्यांच्या कराराची जी रीत सर्वत्र रुळली, तींत भाडें बाजारभावाचें आणि अनामत रक्कम आगाऊ.

पुण्यास प्रभातच्या त्याच आवारांत १९६० पासून सरकारी संस्थेंत संकलन शिकवितात, आणि उत्तम शिकवितात. तेथून निघालेला तरुण मुंबईस उतरतो तेव्हां पहिल्या चित्रपटाचा पहिला हप्ता हातीं पडण्यापूर्वींच अंधेरींत तिघांनीं मिळून घ्यावयाच्या खोलीची अनामत त्यास भरावयाची असते, आणि ती बहुधा त्याचे वडील गांवाहून पाठवितात.