तीन देशांच्या सीमेवरचं रेडिओ स्टेशन: ताबातिंगाला स्वतःचा ट्रान्समीटर का लागतो?

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, अॅमेझॉनच्या काठावर ताबातिंगा नावाचं शहर आहे. त्याला लागूनच कोलंबियाचं लेतिसिया आहे. दोन्ही शहरांमध्ये ना नदी, ना भिंत, फक्त एक रस्ता. चालत चालत देश बदलतो. समोर नदीतल्या बेटावर पेरूचं सांता रोसा आहे, तिथे होडीने जायचं. इथल्या बाजारात रिआल, पेसो आणि सोल अशी तिन्ही चलनं चालतात. ब्राझीलमध्ये मानाउसपर्यंत अॅमेझॉनला सोलिमोइंस म्हणतात, म्हणून या भागाचं नाव आल्तो सोलिमोइंस, म्हणजे वरचा सोलिमोइंस.

याच शहरात 2006 मध्ये ब्राझीलच्या सरकारी प्रसारण संस्थेने एक स्टेशन सुरू केलं: रादिओ नासिओनाल दो आल्तो सोलिमोइंस. त्याला दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या, एएमवर 670 किलोहर्ट्झ आणि एफएमवर 96.1 मेगाहर्ट्झ. राजधानी ब्राझीलियाहून शॉर्टवेव्हवर अॅमेझॉनसाठी प्रसारण 1977 पासून चालू असताना इथे वेगळं स्टेशन कशाला? आणि एकाच स्टेशनला एएम आणि एफएम दोन्ही का? या दोन प्रश्नांची उत्तरं आपण बघूया.

आधी भूगोल समजून घेऊ

ताबातिंगाहून मानाउस हवाई अंतराने सुमारे 1100 किलोमीटर आहे. रस्ता नाही. विमान किंवा बोट हेच पर्याय, आणि प्रवाहाविरुद्ध बोटीने यायचं तर कित्येक दिवस जातात. लेतिसियालाही उरलेल्या कोलंबियाशी जोडणारा रस्ता नाही. म्हणजे तिन्ही देशांच्या राजधान्या लांब आणि शेजारचा देश मात्र पायाखाली.

रेडिओ लहरींना पासपोर्ट लागत नाही. सीमेवरच्या माणसाने सेट चालू केला की ज्याचा सिग्नल जोरदार, त्याचं स्टेशन लागतं. मग लसीकरण कुठल्या दिवशी, सरकारी योजनेचे पैसे कधी, मतदान कुठे, ही माहिती आपल्या देशाची ऐकू येणार की शेजारच्या, हे ट्रान्समीटर कुठे उभा आहे यावर ठरतं.

एफएम कुठपर्यंत पोचतं?

96.1 मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण 3.1 मीटर. अशा लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे लवकर संपतात. ढोबळ हिशेब असा: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. समजा टॉवर 60 मीटरचा आहे, तर सुमारे 32 किलोमीटर. ऐकणाऱ्याच्या सेटची थोडी उंची धरली तर 35 ते 40. त्यात मधे घनदाट जंगल, म्हणजे सिग्नल आणखी कमी.

ताबातिंगा, लेतिसिया आणि पलीकडच्या काठावरचं बेन्जामिन कॉन्स्टंट यांच्यासाठी हे पुरतं. पण त्याच प्रदेशातलं साओ पाउलो दे ओलिवेंसा प्रवाहाच्या दिशेने 100 किलोमीटरहून जास्त लांब आहे. तिथे हे एफएम पोचत नाही.

मग एएम काय वेगळं करतं?

670 किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळपास 448 मीटर. इतकी लांब लहर जमिनीला धरून वाकत जाते, त्यामुळे क्षितिजापलीकडेही पोचते. याला भूतरंग म्हणतात. रात्री आणखी एक गोष्ट होते. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात.

तोटेही आहेतच. रात्री लांबची परकी स्टेशनंही तशीच येऊन मधे घुसतात, विजांचा कडकडाट ऐकू येतो, आणि आवाजाचा दर्जा एफएमइतका नसतो. शिवाय 448 मीटरच्या लहरीसाठी पाव तरंगलांबीचा मनोरा करायचा म्हटला तर तो 112 मीटरचा होतो. खर्च वाढतो.

म्हणून दोन्ही लागतात: गावासाठी एफएम, नदीकाठच्या वस्त्यांसाठी एएम.

जाता जाता एक गंमत. अमेरिका खंडांत मध्यम लहरींची स्टेशनं 10 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे 9 च्या. म्हणून पुणे आकाशवाणी 792 वर आहे, आणि फक्त 9 च्या टप्प्याने सरकणाऱ्या डिजिटल सेटवर 670 हा आकडा लागणारच नाही. 666 नंतर थेट 675 येतं.

राजधानीचं प्रसारण का पुरत नाही?

पहिलं कारण घड्याळ. ताबातिंगा ब्राझीलियाच्या दोन तास मागे आहे. 'आ व्होझ दो ब्राझील' हे सरकारी बातमीपत्र 1935 पासून चालत आलंय. त्याची ठरलेली वेळ राजधानीत संध्याकाळी 7 ची, ती इथे दुपारचे 5. त्यातही जून 2008 मध्ये ब्राझीलने या भागाचं घड्याळ एक तास पुढे केलं, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये परत मागे आणलं. मधल्या पाच वर्षांत लेतिसियाला जायला रस्ता ओलांडला की एक तास बदलायचा. कॉम्प्युटरच्या टाइमझोन यादीत या भागासाठी 'अमेरिका/एइरुनेपे' अशी वेगळी नोंद आहे. 'आता किती वाजले' हे साधं वाक्यसुद्धा इथे स्थानिक निवेदकच नीट सांगू शकतो.

दुसरं कारण बिघाड. मार्च 2017 मध्ये वीज पडून ब्राझीलियाजवळच्या प्रसारण केंद्राचा वीजपुरवठा निकामी झाला आणि अॅमेझॉनसाठीचं शॉर्टवेव्ह प्रसारण कित्येक महिने कोलमडलं. एका ठिकाणचा बिघाड आणि अख्ख्या प्रदेशाचा रेडिओ गप्प. आपण सर्व्हरच्या बाबतीत जे टाळायचा प्रयत्न करतो, तेच हे.

तिसरं कारण भाषा. या भागात तिकुना लोक तिन्ही देशांत राहतात. त्यांच्या भाषेत सुरांच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. अशा भाषेतला निरोप मेसेजपेक्षा आवाजात जास्त नीट पोचतो.

इंटरनेट आल्यावर रेडिओ कशाला?

अॅमेझॉनच्या नद्यांच्या तळातून फायबर टाकायचं काम चालू आहे, आणि उपग्रहाचं इंटरनेटही पोचलंय. पण हिशेब बघा. 64 केबीपीएसचं स्ट्रीम 5000 जणांनी ऐकलं तर 320 एमबीपीएस लागतात, आणि माणसं वाढली की बँडविड्थही वाढते. रेडिओत 5 जण ऐकोत की 50 हजार, ट्रान्समीटरचं वीजबिल तेवढंच. ऐकणाऱ्याला दोन सेल आणि एक सेट पुरतो. रिचार्ज नाही, लॉगिन नाही, टॉवरची रेंज नाही. पूर आला किंवा लाइट गेली तरी होडीत बसून ऐकता येतं.

पुढचा प्रश्न

2013 च्या एका आदेशाने ब्राझीलने एएम स्टेशनांना एफएमवर जायची मुभा दिली. शहरातल्या स्टेशनांना हे फायद्याचं आहे: आवाज स्वच्छ, खर्च कमी, आणि मोबाइलमध्ये रेडिओ असला तर तो एफएमच असतो. पण वरचा हिशेब ताबातिंगाला लावून बघा. एएम काढून फक्त एफएम ठेवलं तर चाळीस किलोमीटरच्या आतल्या लोकांना फारसा फरक पडणार नाही. त्यापलीकडच्या वस्त्यांना मात्र तेवढ्यासाठी नदीकाठी आणखी एफएम ट्रान्समीटर लागतील, आणि प्रत्येकाला वीज, टॉवर आणि दुरुस्तीला होडीने येणारा माणूस लागेल. हा खर्च करायची तयारी नसेल, तर तिथे जुनं एएमच जास्त व्यवहारी आहे.